थुंकीचा रिपोर्ट दोन तासांत एक सांगतो, कल्चर तीन दिवसांनी वेगळंच. धरायचं कुठलं?

फलटणचा_पाहुणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, इथे वाचनमात्र होतो इतकी वर्षं, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आमचे आप्पा, वय ६४, शुगर आहे दहाएक वर्षांपासून, गावीच असतात. मागच्या आठवड्यात एकदम थंडी वाजून ताप, खोकला, उजव्या बाजूला बरगडीखाली कळ आणि बेडका गंज लागल्यासारखा तपकिरी. आईने पहिले तीन दिवस मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या दिल्या, त्यात ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह हे अँटिबायोटिक होतं हे मला नंतर स्ट्रिप बघितल्यावर कळलं. ताप हटेना म्हणून तालुक्याला नेलं, एक्स-रेत उजव्या फुफ्फुसात खाली पांढरा पॅच, डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया आहे, ॲडमिट करा, आणि इंजेक्शन चालू करायच्या आधी थुंकी लॅबला पाठवली.

दोन तासांत कागद हातात. त्यावर लिहिलेलं असं, की पस सेल्स २५ च्या वर, एपिथेलियल सेल्स १० पेक्षा कमी, ग्राम पॉझिटिव्ह डिप्लोकोकाय (जोडीने बसणारे जंतू) दिसले, एएफबी (टीबीसारखे ॲसिडला दाद न देणारे जंतू) दिसले नाहीत. डॉक्टर बघून खूश झाले, सेफ्ट्रियाक्सोन चालू केलं, आणि दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. इथपर्यंत सगळं झकास. तिसऱ्या दिवशी कल्चर आलं तर त्यात 'रोगजंतूंची वाढ नाही, नॉर्मल फ्लोरा'.

आता आमचे दाजी (बँकेत आहेत, पण घरात कोणी आजारी पडलं की एमडी होतात) म्हणतात की कल्चर म्हणजे हायकोर्ट, त्यात काही आलं नाही म्हणजे पहिला रिपोर्ट लॅबवाल्याने अंदाजपंचे ठोकलाय, उगाच इंजेक्शनं चाललीत, बंद करा. शिवाय शेजारच्या काकूंनी आईच्या डोक्यात टीबीचं भरवलंय. एएफबी दिसले नाहीत म्हणजे टीबी नाही असं धरून चालायचं का? आणि नुसतं भिंगातून बघून दोन तासांत जंतू कळतो यावर विश्वास कितपत ठेवावा? जाणकारांनी सांगा, मी पुण्यात बसून फोनवर वकिली करतोय.

सूक्ष्मजीवी

मी मायक्रोबायॉलॉजीत एमडी आहे, रोज हेच करते म्हणून लिहिते. आधी महत्त्वाचं, इंजेक्शन दाजींच्या सांगण्यावरून बंद करू नका. किती दिवस द्यायचं ते वॉर्डातले डॉक्टर ठरवतील.

हायकोर्टाची उपमा आवडली, फक्त या केसमध्ये साक्षीदार कोर्टात पोचायच्या आधीच मेलाय. कल्चरला जिवंत जंतू लागतो, त्याला बशीतल्या रक्ताच्या थरावर वाढावं लागतं तेव्हा आम्हाला दिसतो. स्लाईडवर मात्र मेलेला जंतूही रंग घेतो आणि दिसतो. तुमच्या आप्पांना तीन दिवस ॲमॉक्सिसिलिन गेलेलं, आणि वर्णनावरून जो संशय आहे तो न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू) इतका नाजूक प्राणी आहे की दोन डोसांतच मान टाकतो, औषध नसलं तरी नमुना गाडीवर तासन् तास फिरला की स्वतःची भिंत स्वतःच विरघळवून घेतो. त्यामुळे स्लाईडवर जोडीजोडीने बसलेले जांभळे दाणे आणि कल्चरमध्ये फक्त तोंडातले नेहमीचे पाहुणे, हे आम्ही आठवड्यातून कितीदा तरी बघतो. दोन्ही रिपोर्ट खरे आहेत, दोघांना विचारलेला प्रश्न वेगळा होता एवढंच.

आता अंदाजपंचेबद्दल. ग्राम स्टेन म्हणजे जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं, मग गुलाबी रंग. ज्याची भिंत जाड तो जांभळा धरून ठेवतो, ज्याची पातळ त्याचा धुऊन जातो आणि तो गुलाबी दिसतो. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. त्यात जांभळे, टोकाकडे निमुळते, जोडीने बसलेले दिसले तर न्यूमोकोकस. जांभळे पण द्राक्षाच्या घोसासारखे असतील तर स्टॅफ. गुलाबी, जाडजूड काड्या आणि भोवती मोकळी कडा असेल तर क्लेबसिएला, हा शुगरवाल्यांत आणि दारू पिणाऱ्यांत बघावाच लागतो. म्हणजे पहिल्या तासात डॉक्टरला एवढं कळतं की बंदूक कुठल्या दिशेला धरायची. कुठलं औषध नक्की लागू पडेल हे स्लाईड सांगत नाही, तिथे कल्चरच पाहिजे, दाजींचा तेवढा मुद्दा बरोबर.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी कोणी वाचतच नाही ती रिपोर्टच्या पहिल्या ओळीत आहे. पस सेल्स २५ च्या वर, एपिथेलियल १० च्या खाली, हे कमी पॉवरच्या एका फील्डमधलं (भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या गोलातलं) मोजमाप. पस सेल म्हणजे फुफ्फुसात लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी, एपिथेलियल म्हणजे गालाच्या आतल्या बाजूची सालं. सालं जास्त असतील तर डबीत बेडका नाही, लाळ आहे, आणि लाळेत कोणाच्याही तोंडात ग्राम पॉझिटिव्ह दाणे ढिगाने असतात, त्यावरून न्यूमोनिया ठरवला तर तो खरंच अंदाजपंचे. तुमच्या लॅबने आधी नमुना तपासला मग जंतू. अशी लॅब तालुक्याला मिळाली हे नशीब समजा.

काय दिसत नाही तेही सांगते. मायकोप्लाझ्माला भिंतच नाही त्यामुळे रंग कशाला धरणार, लिजिओनेला ग्राममध्ये नीट दिसत नाही, व्हायरस तर या भिंगाच्या आवाक्याबाहेर. स्लाईड कोरी म्हणजे न्यूमोनिया नाही असा अर्थ कधीच काढू नका.

बाजीरावाचा_घोडा

हे सगळं पुस्तकात ठीक आहे हो. आमच्या वडिलांच्या वेळी मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात कोणी थुंकी बघितली पण नाही, आल्या आल्या दोन भारी अँटिबायोटिक, रोजचं बिल बघून आम्हालाच ताप आला. स्लाईड बिईड कोण करतंय आता.

सूक्ष्मजीवी

@बाजीरावाचा_घोडा, दुखतं तिथेच बोट ठेवलंत. बऱ्याच ठिकाणी रात्री आठनंतर स्लाईड बघायला माणूसच नसतो, मग आयसीयूवाले सगळं झाकणारं औषध लावून मोकळे होतात, त्यांनाही दोष देता येत नाही. पण याच्यावर जपानात चांगलं काम झालंय, २०२२ मध्ये छापून आलं. १२ आयसीयू, २०६ पेशंट, व्हेंटिलेटरवर असताना न्यूमोनिया झालेले, म्हणजे अगदी गंभीर. एका गटाला ग्राम स्टेन बघून औषध, दुसऱ्याला गाइडलाइनप्रमाणे सरसकट भारी औषध. बरे होण्यात स्लाईडवाला गट मागे पडला नाही, आणि स्यूडोमोनास, एमआरएसए अशा हट्टी जंतूंसाठीची जी राखीव औषधं असतात ती बरीच कमी वापरावी लागली. काही रुपयांच्या रंगात.

जांभळा_निळा

अवांतर: हा रंगाचा शोध लागला तोच न्यूमोनियाच्या फुफ्फुसांवर. १८८४, बर्लिन, हान्स क्रिस्टियन ग्राम नावाचा डेन्मार्कचा तरुण डॉक्टर, कार्ल फ्रीडलेंडरच्या हाताखाली काम करत होता. न्यूमोनियाने मेलेल्या माणसांच्या फुफ्फुसाच्या चकत्यांत पेशी आणि जंतू एकाच रंगाचे दिसायचे, वेगळे कसे काढायचे म्हणून हा खटाटोप. गंमत म्हणजे त्या वेळी फ्रीडलेंडर आणि फ्रेंकेल यांच्यात न्यूमोनियाचा जंतू कोणता यावर जुंपलेली, आणि पुढे कळलं की दोघांनी वेगवेगळे जंतू बघितले होते, एकाचा रंग धरणारा, एकाचा सोडून देणारा. वर ज्या न्यूमोकोकस आणि क्लेबसिएलाचा उल्लेख आलाय तेच हे दोघे. स्वतः ग्रामने मात्र लिहून ठेवलं की माझी पद्धत अजून फार अपुरी आहे, कोणीतरी सुधारेल. १४० वर्षं झाली, अजून तीच चालू आहे.

स्पिरिट_लॅम्प

टीबीच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, २६ वर्षं सरकारी लॅबमध्ये टेक्निशियन होतो, मराठवाड्यात, त्यातली बरीच मायक्रोस्कोपी सेंटरला. आता रिटायर.

एएफबी दिसले नाहीत म्हणजे टीबी नाही असं लिहून देणारा माणूस मी आयुष्यात बघितला नाही, रिपोर्टवर 'दिसले नाहीत' एवढंच असतं आणि त्या दोन शब्दांत सगळं आलं. हिशोब असा बघा, एक मिली बेडक्यात साधारण ५ ते १० हजार जंतू असले तर भिंगाखाली सापडायची आशा, त्याच्या खाली असले तर आम्ही डोळे फोडून घेतले तरी दिसत नाहीत. त्यामुळे एका डबीवर कधी भरवसा नसतो. आमच्या वेळी सुरवातीला तीन डब्या घ्यायचे, मग २००९ पासून दोन केल्या, एक तिथल्या तिथे आणि एक पहाटेची.

आणि बघायची पद्धत ऐका म्हणजे एवढ्या लवकर कसं कळतं ते समजेल. डबी उघडली की आधी बघायचं त्यात पिवळा घट्ट गोळा कुठाय, केरसुणीची काडी मोडायची, त्या मोडक्या टोकाने तो गोळा उचलून काचेवर पसरायचा, तीन सेंटिमीटर बाय दोन, जाड नको पातळ नको, छापील कागदावर धरली तर खालची अक्षरं पुसट वाचता आली पाहिजेत. वाळली की ज्योतीवरून तीन-चार वेळा फिरवायची. मग लाल रंग ओतायचा आणि खालून दिवा लावायचा, वाफ निघाली पाहिजे पण उकळता कामा नये, नवीन पोरं इथेच चुकतात, उकळवून खरपूड करून ठेवतात. पाच मिनिटं. मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, मग धुऊन निळा. टीबीच्या जंतूला मेणासारखं कवच असतं, एकदा लाल रंग गरम असताना आत शिरला की ॲसिडसुद्धा काढू शकत नाही, बाकी सगळं धुऊन निघतं आणि निळं होतं. निळ्या शेतात बारीक लाल काड्या, बस.

नंतर खरं काम. तेलाचा थेंब टाकून १०० च्या लेन्सखाली १०० फील्ड बघायची, शून्य म्हणायला कमीत कमी पाच मिनिटं तरी डोळा हलवायचा नाही. १०० फील्डमध्ये १ ते ९ दिसले तर स्कँटी, नेमका आकडा लिहायचा. १० ते ९९ दिसले तर एक प्लस. दर फील्डला १ ते १० असतील तर दोन प्लस, १० च्या वर असतील तर तीन प्लस. एका माणसाने दिवसाला २० -२५ च्या वर स्लाईडा बघू नयेत असा नियम, कारण नंतर डोळ्याला सगळं निळंच दिसतं. कॅम्प असला की तो नियम कुठे जायचा ते विचारू नका.

पुढे एलईडीवाला मायक्रोस्कोप आला, ऑरामाइनचा रंग, काळ्याभोर पडद्यावर पिवळ्या-हिरव्या चमकणाऱ्या काड्या, दिवाळीच्या फुलबाज्या जशा. कमी पॉवरवर बघता येतं म्हणून एका नजरेत जास्त जागा दिसते, काम एक-दोन मिनिटांत होतं आणि जुन्या पद्धतीपेक्षा सापडतातही जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये हाच वापरा म्हणून सांगितलं.

तुमच्या आप्पांना शुगर आहे, आणि शुगरवाल्यांचा टीबी कधीकधी फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला न दिसता खालीच दिसतो, म्हणून काकूंचं बोलणं अगदीच हसण्यावारी नेऊ नका. सरकारी दवाखान्यात दुसरी डबी द्या, नॅट टेस्ट (मशीनवर जंतूचा डीएनए शोधतात ती) करून मागा, फुकट आहे.

चिप_टाका

@स्पिरिट_लॅम्प काका, आदर आहे, पण मायक्रोस्कोप आता म्युझियममध्ये ठेवायची वेळ आली ना? आमच्या गोव्यातल्याच कंपनीचं ट्रूनॅट आहे, चिप टाकायचं नॅटचं मशीन, बॅटरीवर चालतं, पीएचसीत मावतं, तासाभरात टीबी आहे की नाही सांगतं आणि असेल तर रिफाम्पिसिनला (टीबीच्या मुख्य औषधाला) दाद देतो का तेही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्यता दिली. कार्ट्रिजवालं सीबीनॅट तर त्याच्या आधीपासून आहे, मिलीमागे शे-दीडशे जंतू असले तरी पकडतं. पाच हजार कुठे आणि दीडशे कुठे.

तीन_प्लस

इथे मी लिहायलाच पाहिजे, कारण मी स्वतः तीन प्लस होते (म्हणून आयडी). नागपूर, आयटी, वय २९, दोन महिने खोकला आणि मी ॲलर्जी समजून सिरप पीत होते. सकाळी डबी दिली आणि दुपारी जेवायच्या आधी फोन आला. नॅटमध्ये रिफाम्पिसिनला रेझिस्टन्स नाही म्हणून कळलं आणि नेहमीच्या गोळ्या चालू झाल्या. मशीनचं महत्त्व मला कोणी सांगायला नको.

पण पुढची गंमत ऐका. दोन महिन्यांनी परत थुंकी तपासली, स्लाईडवर स्कँटी, चार जंतू. मी घरी येऊन रडले, वाटलं औषध लागू पडत नाहीये. टीबीच्या डॉक्टरांनी कल्चरला पाठवलं आणि म्हणाले वजन किती वाढलं ते सांग आधी. साडेतीन किलो वाढलं होतं. कल्चर यायला सहा आठवडे लागले, त्यात काही वाढलं नाही. म्हणजे ते चार जंतू मेलेलेच होते, प्रेतं बाहेर पडत होती. धागाकर्त्याच्या आप्पांचं आणि माझं प्रकरण एकच आहे की. सहा महिन्यांत कोर्स संपला, आता ठणठणीत. (पोषणाचे तेव्हा महिना ५०० मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केलेत, कोणाला लागत असेल तर निक्षयमध्ये (सरकारी टीबी पोर्टलवर) बँक खातं जोडून घ्या.)

स्पिरिट_लॅम्प

@चिप_टाका, बाळा मशीनला नाही कोण म्हणतं, निदानाला आता नॅटच पहिलं, सरकारचंही तेच धोरण आहे आणि बरोबर आहे. रेझिस्टन्स भिंगातून दिसत नाही, आणि टीबीचे जे लांबचे भाऊबंद जंतू असतात तेही ॲसिडला दाद देत नाहीत, ते लाल काडीच दिसतात, तिथे आम्ही फसतो. पण @तीन_प्लस ताईंनी जे लिहिलं तिथे तुझी चिप उपयोगाची नाही. ती डीएनए शोधते आणि मेलेल्या जंतूचा डीएनए किती तरी दिवस निघत राहतो, म्हणून औषध चालू असताना फॉलोअपला अजून स्लाईडच. स्लाईडवर आकडा तरी कळतो, तीन प्लसचा स्कँटी झाला म्हणजे गाडी उताराला लागली. शिवाय चिप संपली, कार्ट्रिज आली नाही, असे आठवडे मी बघितलेत. रंगाची बाटली कधी संपली नाही.

चिप_टाका

फॉलोअपचं माहीत नव्हतं. शब्द मागे, म्युझियम कॅन्सल.

सूक्ष्मजीवी

एक राहिलंच. @फलटणचा_पाहुणा, आप्पांना लिव्होफ्लॉक्सासिन तर चालू नाही ना? टीबीचा संशय पूर्ण फिटेपर्यंत आम्ही ते टाळायला सांगतो, कारण त्याने टीबीचे जंतूही थोडे दबतात, पेशंटला आठवडाभर बरं वाटतं, टेस्ट निगेटिव्ह येते आणि निदान महिना-दोन महिने पुढे जातं. सेफ्ट्रियाक्सोनचा तो त्रास नाही. आणि सेफ्ट्रियाक्सोनवर दुसऱ्याच दिवशी ताप उतरला, गंजलेला बेडका, थंडी वाजून एकदम सुरुवात, हे सगळं न्यूमोकोकसकडेच बोट दाखवतंय. टीबी असा एका रात्रीत येत नाही आणि असा जातही नाही. तरी दुसरा नमुना द्याच.

फलटणचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी फोनवरसुद्धा सांगितलं नसतं. लिव्होफ्लॉक्सासिन नाही, स्ट्रिपा परत एकदा बघून घेतल्या.

अपडेट देतो. शनिवारी गावी गेलो. आप्पांनी शुक्रवारीच सरकारी दवाखान्यात डबी दिली होती, आणि ती परत आली, सिस्टर म्हणाल्या ही लाळ आहे, फेसाची. आप्पांनी रागावून सांगितलं की एवढी मेहनत करून अर्धी डबी भरली आणि बाई नको म्हणते. मग मी रविवारी पहाटे बसलो त्यांच्याशेजारी अंगणात (डबी उघड्यावर, लोकांपासून लांब जाऊन भरायची हे सिस्टरनी सांगितलेलं). तोंड नुसत्या पाण्याने खळखळून धुतलं, दोन-तीन वेळा खोल श्वास, मग पोटातून खोकला, तेव्हा कुठे दोन चमचे घट्ट पिवळं निघालं. सोमवारी दुपारपर्यंत नॅटचा रिपोर्ट आला, टीबी आढळला नाही. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी एक्स-रे परत काढायला सांगितलाय, पॅच गेलाय का बघायला.

दाजींना साक्षीदाराचं वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले मी हेच म्हणत होतो.

एक शेवटचा प्रश्न, आमच्या चुलत बहिणीच्या सासऱ्यांची पण टीबीची डबी द्यायची आहे, पण लॅब रविवारी बंद. शनिवारी रात्रीची डबी सोमवारी दिली तर चालते का, की वाया?

स्पिरिट_लॅम्प

टीबीसाठी असेल तर झाकण घट्ट लावून, पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवलेली चालते, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत नको. न्यूमोनियाच्या कल्चरसाठी मात्र अशी ठेवलेली चालणार नाही, ती दोन तासांत लॅबला पोचली पाहिजे. पण घाई नसेल तर सोमवारी पहाटेचीच द्या ना, रात्रभर साठलेली असते, ती कधीही चांगली. आणि नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलतात.